शीत आणि खडा

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात आमच्या वाड्याचा गणपती बसतो, त्याच्या महाप्रसादाला मसालेभात ठरलेला. पातेलं दोघांनी धरून उतरवावं लागतं एवढं मोठं. भात झाला की नाही हे सांगायचं काम काकूंचं. त्या वरचं शीत कधीच घेत नाहीत. झारा कडेने तळापर्यंत घालून हलक्या हाताने भात वरखाली करतात, दोन-तीन ठिकाणची शितं ताटलीत काढतात आणि अंगठा-तर्जनीत दाबून बघतात. मधे कणी लागली की झाकण परत पातेल्यावर.

शितावरून भाताची परीक्षा ही म्हण आपण सहज वापरतो, पण संख्याशास्त्रातला एक मोठा नियम तिच्यात बसलेला आहे. भात नीट हलवलेला असेल तर पातेलं पाच माणसांचं असो की पाचशे माणसांचं, तपासायला शितं तेवढीच लागतात. नमुना किती मोठा हवा हे पातेल्याच्या आकारावरून ठरत नाही. हलवलेला मात्र हवाच. न हलवता वरवरची मूठभर शितं घेतली तरी तळाचं काही कळत नाही.

मतदान यंत्रांची पडताळणी याच तत्त्वावर चालते. आपण बटण दाबलं की शेजारच्या व्हीव्हीपॅट यंत्रात काचेमागे एक चिठ्ठी दिसते. आमच्याकडे तिला पर्चीच म्हणतात. त्यावर उमेदवाराचा क्रमांक, नाव आणि चिन्ह असतं. सात सेकंदांनी ती कापली जाऊन खालच्या बंद पेटीत पडते. मतमोजणीच्या दिवशी विधानसभेच्या प्रत्येक मतदारसंघातल्या पाच केंद्रांच्या पर्च्या हाताने मोजतात आणि यंत्राच्या आकड्याशी ताडून बघतात. दोन्हींत फरक निघाला तर पर्च्यांचा आकडा ग्राह्य धरायचा, असा नियम आहे. ही पाच केंद्रं निवडण्याची रीत मला फार आवडते. पोस्टकार्डाएवढ्या पांढऱ्या कार्डांवर केंद्रांचे क्रमांक लिहायचे, क्रमांक दिसणार नाही अशा घड्या घालायच्या, सगळी कार्डं डब्यात टाकायची, डबा हलवायचा आणि उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर उचलायची. डबा हलवणं आणि काकूंचा झारा फिरणं, काम एकच.

पण पाचच का? आधी एकच केंद्र तपासत. २०१९च्या लोकसभा निवडणुकीआधी २१ विरोधी पक्ष सर्वोच्च न्यायालयात गेले, निम्म्या यंत्रांच्या पर्च्या मोजा म्हणाले. निवडणूक आयोगाकडे भारतीय सांख्यिकी संस्थेशी संबंधित तज्ज्ञांचा अहवाल होता: देशभरातल्या दहा लाखांवर यंत्रांतून ४७९ यंत्रं सोडतीने उचलली तरी पुरे. हा हिशेब आपल्यालाही करता येतो. शंभरात दोन यंत्रं बिघडलेली आहेत असं धरा. एक यंत्र उचललं तर ते चांगलं निघण्याची शक्यता ०.९८. सगळीच्या सगळी ४७९ चांगली निघायला ०.९८ हा आकडा ४७९ वेळा स्वतःशी गुणावा लागेल. उत्तर येतं लाखात सुमारे ६. म्हणजे बिघाड डोळ्यांतून सुटणं जवळजवळ अशक्य. न्यायालयाने ८ एप्रिल २०१९ रोजी एकाऐवजी पाच केंद्रं तपासायला सांगितली, आणि देशभरात मिळून वीस हजारांवर यंत्रं तपासली गेली. ४७९च्या कितीतरी पट.

हिशेब बरोबर आहे. पण तो भाताचा आहे, खड्याचा नाही.

भात कच्चा असला तर सगळ्या पातेल्यात कच्चा असतो, म्हणून एक शीत बोलतं. खडा एकाच ठिकाणी असतो. शितं दाबून खडा सापडत नाही. त्यासाठी तांदूळ सुपात घेऊन निवडावे लागतात. निवडणे आणि निवडणूक हे दोन शब्द एकाच धातूचे आहेत, हे मला या हिशेबात पडल्यावर पहिल्यांदा जाणवलं.

निवडणुकीत देशाचा एक सरासरी निकाल लागत नाही. प्रत्येक मतदारसंघ हे वेगळं पातेलं. आमचंच बघा. २०१८च्या विधानसभा निवडणुकीत ग्वाल्हेर दक्षिणमध्ये पहिल्या दोघांनाही ५६ हजारांवर मतं पडली आणि निकाल लागला १२१ मतांनी. तिथे काही गडबड झाली असं मी अजिबात म्हणत नाही. मी फक्त त्या आकड्याकडे बघतो आहे. ६१ मतं इकडची तिकडे झाली असती तर निकाल फिरला असता, आणि ६१ मतं एका यंत्रात सहज मावतात. मतदारसंघात अडीचशे केंद्रं धरा. त्यातल्या एकाच यंत्रात चूक असेल, तर पाच उचलल्यावर ती सापडण्याची शक्यता शंभरात दोन. त्या वर्षी तर एकच उचलत होते. शंभरात ९५ इतकी खात्री हवी असेल तर २३८ यंत्रं उघडावी लागतील. म्हणजे जवळजवळ सगळीच.

आता इंदूर. २०२४मध्ये लोकसभेचा निकाल तिथे ११ लाख ७५ हजारांच्या फरकाने लागला. आठ विधानसभा क्षेत्रं, म्हणून ४० यंत्रांची पडताळणी. एवढा फरक खोटा ठरवायचा तर निदान तिसरा हिस्सा यंत्रं तरी बिघडलेली हवीत, आणि तशी असती तर ४० पैकी एकही हाती न लागण्याची शक्यता कोटीत एकाहून कमी. इंदूरला ४० यंत्रं गरजेपेक्षा खूप जास्त झाली, ग्वाल्हेरला पाच खूपच कमी. नियम दोघांना सारखा.

यावर उपाय आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचे संख्याशास्त्रज्ञ फिलिप स्टार्क यांनी तो मांडला: किती कागद तपासायचे हे आधी ठरवूच नका, ते निकालाच्या फरकावरून ठरवा. फरक मोठा असेल तर थोडे कागद बघून थांबा. फरक निसटता असेल तर बघत राहा, खात्री पटेपर्यंत. नाहीच पटली तर सगळे मोजा. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०१७मध्ये राज्यभर हे केलं. तिथे कोणते कागद उचलायचे ते ठरवायला अधिकारी लोकांसमोर दहा बाजूंचे फासे टाकतात. वीस अंक जमले की त्यांवरून पुढची यादी निघते, आणि तेच अंक घेऊन कोणीही घरी बसून ती यादी परत काढू शकतो.

आपल्याकडे २६ एप्रिल २०२४च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने शंभर टक्के पर्च्या मोजण्याची मागणी नाकारली. सरसकट सगळीकडे मोजणं मलाही पटत नाही. इंदूरच्या पर्च्या मोजून कोणाला काय नवं कळणार? पण नमुना फरकाशी जोडण्याची गोष्ट वेगळी आहे, आणि ती आपल्या नियमांना परकीही नाही. मतदानाच्या सकाळी प्रतिनिधींसमोर निदान ५० चाचणी मतं टाकून यंत्र तपासतात. ती मतं पुसायची कधी कधी राहून जातात, आणि खडा बहुतेक असाच येतो, घाईत आणि विसरभोळेपणात. २०२४च्या लोकसभा निवडणुकीपर्यंत असं यंत्र मोजणीच्या वेळी बाजूला ठेवत. विजयाचा फरक अशा यंत्रांतल्या एकूण मतांहून जास्त असेल तर त्यांच्या पर्च्यांना हात लावत नसत. कमी किंवा तेवढाच असेल तर त्या पर्च्या मोजत. फरक बघून तपासणी ठरवायची, हे इथे एका यंत्रापुरतं मान्यच होतं. तेच अख्ख्या मतदारसंघाला लावलं असतं, तर त्या वर्षी ग्वाल्हेर दक्षिणच्या दीड लाखाच्या आसपासच्या पर्च्या टेबलावर आल्या असत्या, आणि त्या हाताने मोजल्या गेल्या असत्या.