लॅपटॉप-टीव्ही जोडणी

लॅपटॉपवरचे चित्र केबलने टीव्हीवर आणणे आणि ते टीव्हीच्या मूळ रिझोल्यूशनला, म्हणजे त्या पडद्यावरच्या ठिपक्यांच्या संख्येला जुळवणे. केबल लावायला मिनिटही लागत नाही. जुळणी मात्र बहुतेक ठिकाणी राहून जाते, आणि पुसट चित्राचा दोष विनाकारण टीव्हीच्या माथी येतो.

चादरीच्या सोलापुरात ही जुळणी समजावून सांगणे सोपे आहे. जकार्डचा, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राचा, नमुना ग्राफवर चौकोन भरून काढतात. एक चौकोन म्हणजे ताण्याचा आणि बाण्याचा एक छेद. मागाच्या हुकांना न जुळणारा ग्राफ चढवला तर मोराची मान वाकडीच विणली जाणार. टीव्हीचा पडदाही असाच मोजून भरलेला असतो : फुल एचडीला १९२० × १०८०, फोर-केला ३८४० × २१६० ठिपके. अनेक साध्या लॅपटॉपचा पडदा १३६६ × ७६८ चा असतो. ते चित्र फुल एचडी टीव्हीवर ताणले की एका चौकोनाच्या वाट्याला आडवे आणि उभे सुमारे १.४ ठिपके येतात. ठिपक्याचे तुकडे होत नसल्यामुळे टीव्ही शेजारच्या रंगांची सरासरी काढून जागा भरतो. लाल आणि पांढऱ्या धाग्याच्या मध्ये मग गुलाबी कड उमटते. व्यापाऱ्याला टीव्हीवर नमुना दाखवणाऱ्या डिझायनरसाठी हे गंभीर आहे, कारण तो गुलाबी धागा मागावर नाहीच. देवनागरी मजकुरातही पहिला घाव अनुस्वार, रफार आणि उकारांवर पडतो.

या बिघाडाचे नेहमीचे कारण म्हणजे ‘डुप्लिकेट’ हा पर्याय. त्यात दोन्ही पडद्यांना एकच रिझोल्यूशन मिळते, आणि ते बहुधा लॅपटॉपचे असते. विंडोजची कळ आणि पी एकत्र दाबून ‘एक्स्टेंड’ किंवा ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडावे. मग डिस्प्ले सेटिंग्जमध्ये टीव्हीच्या चौकटीवर क्लिक करून ‘रेकमेंडेड’ लिहिलेले रिझोल्यूशन घ्यावे. अक्षरे बारीक वाटली तर रिझोल्यूशन उतरवू नये, ‘स्केल’ १५० टक्के किंवा त्याहून जास्त करावा. अक्षर मोठे होते आणि कडाही धारदार राहते. एवढी एक गोष्ट पाळली तरी बहुतेक तक्रारी मिटतात.

कडा कापल्या जाऊन खालची टास्कबार दिसेनाशी झाली, तर तो ओव्हरस्कॅन. जुन्या ट्यूबच्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीआड लपवत. तीच सवय सपाट पडद्यांतही राहिली. उपाय लॅपटॉपमध्ये शोधू नये, टीव्हीच्या रिमोटवर शोधावा. पिक्चर साइजच्या यादीत एलजीवर ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगवर ‘स्क्रीन फिट’, सोनीवर ‘फुल पिक्सेल’ अशी नावे आढळतात. इनपुटला ‘पीसी’ असे नाव दिले की काही टीव्ही रंगीत अक्षरेही अधिक स्वच्छ दाखवतात.

३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्ही हा अडचणीचा प्रकार. त्याचा पडदा बहुधा १३६६ × ७६८ चा, पण एचडीएमआयवरून, म्हणजे चित्र आणि आवाज एकत्र नेणाऱ्या केबलवरून, तो १२८० × ७२० किंवा १९२० × १०८० चे चित्र घेतो आणि आत पुन्हा ताणतो किंवा आकसतो. यादीत १३६० × ७६८ दिसले तर ते वापरून पाहावे. नसेल तर हिशेबाच्या तक्त्यासाठी असा टीव्ही घेऊ नये, हेच खरे.

केबल लावताच टीव्ही आपल्याला चालणाऱ्या रिझोल्यूशनची यादी लॅपटॉपला कळवतो. तिला ईडीआयडी म्हणतात. मंगल कार्यालयात एका लॅपटॉपवर दोन टीव्ही चालवायला मध्ये स्प्लिटर घालतात, तेव्हा ही यादी अर्धवट पोचू शकते आणि चांगल्या टीव्हीलाही कमी रिझोल्यूशन मिळते. अशा वेळी आधी एकच टीव्ही थेट जोडून पाहावा.

फोर-केला वेगाचीही अट आहे. २००९ च्या एचडीएमआय १.४ वर फोर-के सेकंदाला ३० चित्रांपुरतेच चालते आणि माउसचा बाण रेंगाळतो. ६० साठी २०१३ चे २.० किंवा त्यापुढचे लॅपटॉप आणि टीव्ही दोन्हींत लागते. प्रत्येक टाइप-सी पोर्टमधून चित्र बाहेर पडत नाही. जुन्या व्हीजीए केबलमधून आवाज जात नाही, त्यासाठी वेगळी तार लागते. एचडीएमआयवर आवाज आला नाही तर लॅपटॉपच्या साउंड सेटिंगमध्ये टीव्ही निवडावा.