जुने पिकअप टिकले, की टिकवले गेले?

१९६०-७० च्या दशकांतल्या बहुतेक अमेरिकी पिकअपमध्ये मैल मोजणाऱ्या मीटरला पाचच आकडे असत. ९९,९९९ मैल झाले की मीटर पुन्हा शून्यावर. यात कंजूषपणा नव्हता. गाडी एक लाख मैल, म्हणजे सुमारे १ लाख ६० हजार किलोमीटर, चालेल असं कुणी फारसं धरूनच चालत नसे. सहावा आकडा सर्रास दिसू लागला तो १९८० च्या दशकात. आज तिथे एखादा पिकअप दोन लाख मैल चालला तर त्याची बातमी होत नाही. तरीही ‘जुन्या गाड्या दणकट, नव्या म्हणजे नुसता पत्रा’ हे वाक्य टेक्सासमध्ये ऐकू येतं आणि नारायणगावच्या मार्केट यार्डातही. ते सरसकट खोटं नाही. पण ते ज्या कारणासाठी खरं मानलं जातं, ते कारण चुकीचं आहे.

आधी एक घोळ बाजूला काढू. आज रस्त्यावर दिसणारा १९७५ चा पिकअप हा त्या सालच्या गाड्यांचा सर्वसाधारण नमुना नव्हे. त्याचे बहुतेक भाऊबंद केव्हाच भंगारात गेले. माळ्यावर आजीची पितळी भांडी सापडतात, फुटलेल्या मडक्यांचा हिशेब कोणी ठेवलेला नसतो, तसंच हे. उरलेल्यांकडे बघून गेलेल्यांचं आयुष्य ठरवता येत नाही.

आता जुनं पेट्रोल इंजिन झिजायचं कसं, ते पाहू. ठिणगी पाडण्यासाठी डिस्ट्रिब्युटरमध्ये, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला ठिणगी वाटून देणाऱ्या भागात, ‘पॉइंट’ असत, म्हणजे उघडझाप करणारा धातूचा एक छोटा संपर्क. सहा सिलिंडरचं इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत असेल, तर त्याला मिनिटाला ९,००० ठिणग्या लागतात. म्हणजे तो पॉइंट सेकंदाला १५० वेळा उघडतो आणि मिटतो. दर वेळी त्याच्या तोंडावर बारीकसा जाळ होतो आणि कॅमवर घासणारा त्याचा ठोकळा कणाकणाने झिजतो. अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरची ती फट बदलली की ठिणगीची वेळ सरकते, पेट्रोल नीट जळत नाही, आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा तेलाचा पातळ थर धुऊन नेतं. त्यात कार्ब्युरेटर, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणारा भाग. थंडीत चोक ओढून गाडी चालू केली की गरजेपेक्षा कितीतरी जास्त पेट्रोल आत जायचं आणि हाच थर पुन्हा धुतला जायचा. पिस्टनवरच्या रिंगा आणि सिलिंडरची भिंत कोरड्या घासायच्या. शिशाच्या पेट्रोलने आणखी भर घातली. शिसं इंजिनात साचू नये म्हणून त्यात ब्रोमीन-क्लोरीनची संयुगं मिसळत, आणि त्यांच्यापासून तयार होणारी आम्लं सायलेन्सर खात. (शिशाचा एक फायदा होता, एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या बैठका कमी झिजत. पण त्यासाठी कडक धातूच्या बैठका बसवता आल्या, आणि भारतातही २००० साली शिशाचं पेट्रोल गेलं.)

मग इंजिन उतरवायचं, बोअर करायचं म्हणजे झिजलेला सिलिंडर आतून कोरून मोठा करायचा, पिस्टन-रिंगा नव्या टाकायच्या. अमेरिकेत काय आणि आपल्याकडे काय, हे काम नेहमीचंच होतं. ते कमी झालं ते फ्युएल इंजेक्शन आणि त्याला हुकूम देणाऱ्या संगणकामुळे. पेट्रोल किती, केव्हा आणि ठिणगी नेमकी कोणत्या क्षणी, हे आता सेन्सर पाहून ठरतं. घासणारा पॉइंटच उरला नाही. गॅरेजमध्ये ज्या इलेक्ट्रॉनिक्सच्या नावाने बोटं मोडली जातात, त्याच इलेक्ट्रॉनिक्सने इंजिनाचं आयुष्य वाढवलं आहे.

गंजाची गोष्ट मात्र इतकी सरळ नाही. बॉडीचा पत्रा नक्कीच सुधारला. त्यावर जस्ताचा लेप आला. शिवाय अख्खी बॉडी रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या साहाय्याने सांदीकोपऱ्यापर्यंत प्रायमर चढवायची पद्धत आली. तिचं आजचं, कॅथोडिक रूप मोटारींसाठी १९७६ मध्ये वापरात आलं. फोर्डने तर २०१५ च्या एफ-१५० ची बॉडी थेट ॲल्युमिनियमची केली आणि वजन सुमारे ३०० किलोने उतरवलं. चासी, म्हणजे बॉडीखालचा सांगाडा, मात्र पोलादाचीच ठेवली.

आणि दुखणं नेमकं चासीतच असतं. जास्त ताकदीचं पोलाद वापरलं की तेवढाच भार कमी जाडीत पेलता येतो, त्यामुळे वजन वाचतं. पण गंजाला पोलादाच्या ताकदीशी देणंघेणं नसतं, तो मिलिमीटर मोजतो. समजा, दोन्ही पट्ट्या एक मिलिमीटर गंजल्या. चार मिलिमीटरच्या पट्टीचा तीन चतुर्थांश भाग शाबूत राहतो, दोन मिलिमीटरची अर्धी संपते. चौकोनी बंद नळीसारखी चासी उघड्या चासीपेक्षा पिळाला घट्ट असते, पण आत शिरलेला चिखल आणि खारं पाणी दिसत नाही, धुताही येत नाही. अमेरिकेत बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात. २००५ ते २०१० या काळातल्या टॅकोमा पिकअपच्या आणि आणखी दोन मॉडेलांच्या चासी गंजून भोकं पडल्याचा दावा झाला, आणि २०१६ मध्ये टोयोटाने सुमारे ३.४ अब्ज डॉलरची तडजोड मान्य केली. इंजिन लाखो मैल चालणारं, आणि चासी अशी! कोकणात गाडी वापरणाऱ्यांनी दर पावसाळ्यानंतर गाडीखाली टॉर्च मारून बघावं, हे माझं मत.

चासीचा दुसरा शत्रू ओव्हरलोड. सांध्यावरचा ताण दुप्पट झाला की वेल्डिंगचं आयुष्य निम्मं होत नाही, साधारण एक अष्टमांशावर येतं. पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, वाढवून घेतले की गाडी बसत नाही, त्यामुळे सगळं ठीक वाटतं. पण वेल्डिंगला पाट्यांचा काही उपयोग नाही, त्याच्यावर यायचा तो ताण येतोच.

अपघाताचंही थोडक्यात. जाड पत्रा म्हणजे सुरक्षित गाडी, हा समज अमेरिकेतल्या महामार्ग सुरक्षा विमा संस्थेने २००९ मध्ये मोडीत काढला. १९५९ ची शेवरोले बेल एअर आणि २००९ ची मालिबू समोरासमोर आदळवल्या तेव्हा जुन्या कारमध्ये चालकाची जागाच चेपली गेली. नवीचा पुढचा भाग चुरा झाला आणि आत चालकाच्या जागी बसवलेला चाचणीचा बाहुला बचावला.

मग ‘जुनं दणकट’ यात तथ्य कुठे आहे? ते डिझेलमध्ये सापडतं. जुन्या डिझेल इंजिनाचा नोझल, म्हणजे डिझेल फवारणारं तोंड, १५० बारच्या आसपासच्या दाबावर उघडायचा. नव्या कॉमन-रेल पद्धतीत सगळ्या सिलिंडरांना एकाच नळीतून जास्त दाबाचं डिझेल मिळतं. तिथे दाब २,००० बारपर्यंत जातो, आणि ते फवारणाऱ्या इंजेक्टरच्या आतली फट मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजावी लागते. डिझेलमध्ये पाणी किंवा बारीक कचरा आला की जुना नोझल कुरकुरत चालायचा, नवा इंजेक्टर बसून जातो. जुना पंप आणि नोझल तालुक्याच्या गावचा पंपवाला खोलून, साफ करून, डोस (डिझेलचं प्रमाण) लावून परत द्यायचा. नव्या इंजेक्टरवर कोड कोरलेला असतो. स्कॅनर लावून तो कोड गाडीच्या संगणकाला भरवल्याशिवाय पुष्कळ गाड्या नीट चालतच नाहीत. त्यावर काजळीचा फिल्टर. तो स्वतःला साफ करतो ते सहाशे अंशांच्या आसपास तापून, आणि इतकं तापायला सलग पळणं लागतं. गावातल्या गावात दुधाच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो तुंबतो.

थोडक्यात, जुनी गाडी लवकर बिघडायची आणि लवकर उभी राहायची. नवी क्वचित बिघडते, पण बिघडली की एका सुट्या भागापायी दारात उभी.

टोयोटा या दोन्ही प्रकारच्या गाड्या एकाच वेळी विकत आली आहे. भारतात २०२२ पासून मिळणाऱ्या हायलक्समध्ये २.८ लिटरचं कॉमन-रेल डिझेल आहे, ताकद २०४ अश्वशक्ती. लँड क्रूझर ७० मालिकेतल्या पिकअपमध्ये मात्र आफ्रिकेसारख्या बाजारांसाठी १९९० मध्ये आलेलं १एचझेड हे इंजिन बसवलं गेलं: ४.२ लिटर, सहा सिलिंडर, ना टर्बो, ना कॉमन-रेल, ताकद १३० च्या आसपास. मदतसंस्था या मालिकेच्या गाड्या जिब्राल्टरमधल्या पुरवठादाराकडून मागवतात. जिथे डिझेल पिंपातून येतं, त्यात गंधकही भरपूर असतं आणि स्कॅनर कुठे मिळेल याचा पत्ता नसतो, तिथे हेच इंजिन चालतं. आपल्याकडे बीएस-६ या सध्याच्या सरकारी प्रदूषण मानकाच्या डिझेलमध्ये गंधक दहा लाख भागांत जास्तीत जास्त १०, आधीच्या बीएस-२ च्या वेळी ते ५०० पर्यंत चाले. १एचझेड दोन्ही डिझेलवर सुखाने चालेल, पण ते भारतात विकता येणार नाही. बीएस-६ च्या धुराच्या मर्यादेत ते बसतच नाही.