रात्रीची धडधड आणि पॅनिक अटॅक

गाढ झोपेतून एकदम जाग येते, छातीत धाडधाड होत असते आणि ‘आता आपलं काही खरं नाही’ अशी भीती क्षणात मनाचा ताबा घेते. या अवस्थेला रात्रीचा पॅनिक अटॅक किंवा भीतीचा झटका म्हणतात. बोलण्यात लोक ‘जीव घाबरला’, ‘दचकून उठलो’, ‘ऊर धपापायला लागला’ असे सांगतात, आणि तपासणाऱ्या डॉक्टरांना ही साधी वर्णने फार उपयोगी पडतात. धडधड हा आजार नव्हे, ते एक लक्षण आहे. एरवी न जाणवणारे हृदयाचे ठोके जाणवू लागणे, इतकाच तिचा अर्थ. ते ठोके जलद असतील, वेडेवाकडे असतील, किंवा अगदी नेहमीचेच असून फक्त जास्त जाणवत असतील. भीतीने धडधड होते आणि धडधडीने भीती वाटते. दोघींपैकी आधी कोण आली, हे मध्यरात्री अंथरुणात बसलेल्या माणसाला कळत नाही.

रात्री ठोके जास्त जाणवण्यामागे काही साधी कारणे आहेत. दिवसाचा गोंगाट थांबलेला असतो आणि लक्ष वेधून घेणारे दुसरे काही नसते. डाव्या कुशीवर झोपल्यास हृदयाचे टोक छातीच्या भिंतीला अधिक लागते, त्यामुळे ठोका गादीपर्यंत पोचल्यासारखा वाटतो. कान उशीत दाबला गेला की नाडी कानातच वाजते. कूस बदलताच ही धडधड पुष्कळदा निम्मी होते.

स्वरूप

रात्रीचा झटका बहुधा झोप लागल्यानंतर एक ते तीन तासांत येतो. अकराला डोळा लागला असेल, तर साडेबाराच्या सुमारास माणूस ताडकन उठून बसतो. एक हात छातीवर असतो, दुसरा दिव्याचे बटण शोधत असतो. घशाला कोरड पडते, हातपाय गार पडतात, दरदरून घाम फुटतो, बोटांच्या टोकांना आणि ओठांभोवती मुंग्या येतात. खोलीत हवाच नाही असे वाटून तो खिडकी उघडायला धावतो. भीतीचा जोर बहुतेक वेळा दहा मिनिटांच्या आत शिखर गाठतो आणि साधारण अर्ध्या तासात ओसरतो. मागे उरतो तो थकवा, हातांचा कंप आणि पुन्हा आडवे होण्याची धास्ती. पॅनिकचा विकार असलेल्या रुग्णांपैकी निम्म्याच्या आसपास लोकांना कधी ना कधी असा रात्रीचा झटका येऊन गेलेला असतो.

सगळे ऐकून ‘वाईट स्वप्न पडलं असेल’ असे म्हणणे सोपे आहे, पण ते चूक असते. भयस्वप्ने डोळ्यांची जलद हालचाल होणाऱ्या झोपेत, म्हणजे मुख्यतः रात्रीच्या उत्तरार्धात पडतात आणि जागे झाल्यावर त्यांतली गोष्ट आठवते. पॅनिक अटॅकमागे गोष्टच नसते. झोप हलक्या टप्प्यातून गाढ टप्प्यात उतरत असताना तो येतो. झोपेतली किंकाळी हा तिसरा प्रकार, विशेषतः लहान मुलांत आढळणारा. त्यात मूल ओरडते, डोळे उघडे असतात, पण ते खरे जागे झालेले नसते आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. पॅनिकमध्ये माणूस पूर्ण जागा होतो आणि त्याला सगळे लख्ख आठवते. हे आठवणेच पुढच्या रात्री त्याला नडते.

झोपेत भीती येते कुठून?

अमेरिकी डॉक्टर जेकब मेंडेस द कोस्टा यांनी 1871 मध्ये यादवी युद्धातल्या सैनिकांविषयी एक प्रसिद्ध निबंध लिहिला. त्या सैनिकांना धडधड, धाप आणि छातीत दुखणे असा त्रास होता, पण हृदयात दोष सापडत नव्हता. पहिल्या महायुद्धातही असेच असंख्य सैनिक रुग्णालयांत दाखल झाले. दीर्घकाळ हा त्रास ‘हृदयाचा’ म्हणूनच ओळखला गेला. 1960 च्या दशकात अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ डोनाल्ड क्लाइन यांना इमिप्रामीन या औषधाने अशा झटक्यांना उतार पडतो असे आढळले, आणि 1980 मध्ये अमेरिकी मानसोपचार संघटनेच्या निदानपुस्तिकेत पॅनिक डिसॉर्डर हे स्वतंत्र निदान आले.

क्लाइन यांनी 1993 मध्ये मांडलेली कल्पना लक्षात राहण्यासारखी आहे. गुदमरण्याचा इशारा देणारी एक घंटा मेंदूत असते, आणि काही जणांत ती फार हळवी असल्याने विनाकारण वाजते. रक्तातला कार्बन डायऑक्साइड किंचित वाढला तरी ती वाजू शकते, आणि झोपेत तो थोडा वाढतोच. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये वेगळी बाजू मांडली होती: शरीरातल्या साध्या बदलाचा ‘हा हार्ट अटॅक’ असा भयंकर अर्थ लावला जातो आणि त्यातून झटका पेटतो. झोपलेला माणूस अर्थ कसा लावणार, ही शंका इथे रास्त आहे. पण झोपेतही मेंदू महत्त्वाच्या खुणांवर लक्ष ठेवून असतो. गडगडाटाने न उठणारी आई बाळाच्या बारीक कुरकुरीने जागी होते. ज्याला महिनोन्‌महिने स्वतःच्या ठोक्यांचा धाक बसला आहे, त्याच्या मेंदूला ठोक्यांतला किंवा श्वासातला छोटा फरकही त्या कुरकुरीसारखाच ऐकू येतो.

घंटा वाजली की ॲड्रेनालिन हे धोक्याच्या वेळचे संप्रेरक रक्तात येते आणि हृदय जोरात धावू लागते. श्वास उथळ आणि जलद होतो, कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर पडतो, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि चक्कर, मुंग्या, ‘हे सगळं खरं नाही’ असे वाटणे सुरू होते. माणसाला वाटते हवा कमी पडते आहे. प्रत्यक्षात तो गरजेपेक्षा जास्त हवा घेत असतो. ॲड्रेनालिन मात्र रक्तात काही मिनिटांतच निकामी होते. झटका लांबतो तो नव्या भीतीमुळे, कारण दर वेळी ‘अजून थांबलं नाही’ असे मनात आले की नवा हप्ता सुटतो.

पहाटेची धडधड थोडी निराळी. जाग येण्याच्या सुमारास कॉर्टिसोल हे ताणाशी निगडित संप्रेरक आपोआप वाढते आणि पहिल्या अर्ध्या-पाऊण तासात त्याची पातळी वर जाते. चिंतेत झोपलेल्याला हा चढ डोळे उघडायच्या आधीच छातीत जाणवतो.

आधी हृदय, मग मन

पॅनिक अटॅक हे निदान इतर शक्यता पाहिल्यावरच करायचे असते. प्रौढ माणसाची विश्रांतीतली नाडी मिनिटाला 60 ते 100 असते आणि झोपेत ती याहून कमी होते. जागेवर बसून मोजलेली नाडी 150 च्या पुढे असेल आणि धडधड बटण दाबल्यासारखी सुरू होऊन तशीच एकाएकी थांबत असेल, तर हृदयातल्या विद्युत मार्गाचा दोष असू शकतो. अशा झटक्यानंतर अनेकांना भरपूर लघवीला होते. भीतीतली नाडी सहसा पायऱ्यांनी चढते आणि पायऱ्यांनी उतरते. ताल अजिबात लागत नसेल, तर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे वरचे कप्पे बेताल थरथरण्याचा विकार, आहे का ते तपासावे लागते. म्हणूनच अनुभवी डॉक्टर रुग्णाला सांगतात, ‘ठोके कसे पडत होते ते टेबलावर बोटांनी वाजवून दाखवा.’ एका ओळीत भराभर, की टक-टक… आणि मग एक मोठा ठोका? या दुसऱ्या प्रकाराला आपण ‘काळजाचा ठोका चुकला’ म्हणतो. खरे तर ठोका चुकलेला नसतो. एक ठोका वेळेआधी पडून जातो, मग किंचित विराम येतो, त्या अवधीत हृदयात जास्त रक्त भरते आणि पुढचा ठोका दणका दिल्यासारखा लागतो. निरोगी हृदयातही हे पुष्कळदा घडते.

झोपल्यावर तासा-दोन तासांनी धाप लागून जाग येत असेल आणि उठून बसल्यावरच बरे वाटत असेल, तर हृदय दुबळे पडल्याची शंका घ्यावी. मोठ्याने घोरणे, श्वास अडकून दचकणे, सकाळी डोके दुखणे आणि दिवसभर पेंगणे ही झोपेतल्या श्वासरोधाची, म्हणजे स्लीप ॲप्नियाची खूण. असा त्रास असणारे कितीतरी लोक वर्षानुवर्षे ‘टेन्शन’च्या गोळ्या घेत राहतात. थायरॉइडचा अतिरेक, रक्तक्षय, इन्शुलिन घेणाऱ्यांची रात्री घटणारी साखर, रजोनिवृत्तीतल्या गरम लाटा, घशाशी येणारे आम्ल, दम्याचा सॅल्ब्युटामॉल पंप, सर्दीच्या काही गोळ्या, प्रमाणापेक्षा जास्त थायरॉक्सिन आणि नियमित चालू असलेले बीटा-ब्लॉकर (ठोक्यांचा वेग कमी करणारे औषध) एकदम बंद करणे, यांनीही धडधड होते. कॉफीतल्या कॅफीनपैकी निम्मे बाहेर पडायला सरासरी पाचेक तास लागतात, त्यामुळे संध्याकाळची कॉफी मध्यरात्रीही अंगात असते. मद्याने झोप लवकर लागते. ते उतरू लागले की रात्रीच्या उत्तरार्धात नाडी वाढते आणि झोप तुटते. ‘झोपेसाठी दोन घोट’ हा सल्ला या त्रासात सर्वांत महागात पडणारा.

तपासणीत ईसीजी, रक्तातले हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड आणि क्षार, तसेच 24 ते 48 तास अंगावर बाळगायचे, ठोक्यांची सतत नोंद घेणारे होल्टर यंत्र येते. झटके महिन्यातून एखाददाच येत असतील, तर एका दिवसाच्या होल्टरमध्ये ते सापडतीलच असे नाही, मग जास्त दिवसांची नोंद घ्यावी लागते. छातीवर दाब किंवा हात, जबडा, पाठीकडे सरकणारी कळ, शुद्ध हरपणे, श्रमात होणारी धडधड, आधीपासूनचा हृदयविकार किंवा घरात तरुण वयात कुणी अचानक दगावले असणे, यांपैकी काही असेल तर सकाळची वाट पाहायची नाही. पॅनिकच निघाले तर लोक हसतील, या संकोचापायी घरी बसण्यापेक्षा विनाकारण रुग्णालयात गेलेले बरे.

मात्र तपासणी एकदा नीट झाली आणि हृदय निर्दोष ठरले, की तिथे थांबावे लागते. दर आठवड्याला ईसीजी आणि दर तासाला मनगटावरचे घड्याळ पाहणे यांनी धीर येतो तो जेमतेम वीस मिनिटांचा. त्यानंतर मेंदू शिकतो की ठोके ही सतत पाहण्याचीच गोष्ट आहे.

झटका आला असता

जाग आल्याबरोबर उठून बसावे, पाय जमिनीला टेकवावेत, मंद दिवा लावावा. नाडी मोजायचीच असेल तर एकदाच: अंगठ्याच्या बाजूला मनगटावर दोन बोटे ठेवून तीस सेकंद मोजावे आणि आकडा दुप्पट करावा. मग श्वास. मोठा श्वास आत घेण्याचा आग्रह इथे उलटतो. लांबवायचा तो बाहेर जाणारा श्वास. नाकाने सहजपणे आत, ओठांचा चंबू करून सावकाश बाहेर, मिनिटाला सहाच्या आसपास. कागदी पिशवीत श्वास घेण्याचा जुना उपाय आता सुचवला जात नाही, कारण त्रास हृदयाचा किंवा दम्याचा असेल तर प्राणवायू घटून धोका होतो.

श्वासाकडे लक्ष दिल्यानेच काहींची घबराट वाढते. सैल होणे म्हणजे ताबा सुटणे, असे ज्यांना वाटते त्यांना निजायची वेळही म्हणूनच कठीण जाते. अशांनी लक्ष बाहेर न्यावे: गार पाण्याने तोंड धुवावे, खोलीतल्या वस्तूंची मनात नावे घ्यावीत, भिंतीला हात टेकून तिचा गारवा जाणवू द्यावा. सर्वांत अवघड आणि सर्वांत कामाची गोष्ट म्हणजे लाटेशी झुंजायचे नाही. ‘ही ॲड्रेनालिनची धडधड आहे, थोड्या वेळात उतरेल’ असे म्हणून तिला तिथे असू द्यायचे.

वीसेक मिनिटांत झोप आली नाही, तर अंथरुण सोडून दुसऱ्या जागी मंद उजेडात काहीतरी कंटाळवाणे करावे आणि पेंग आल्यावरच परत यावे. हा नियम मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये निद्रानाशासाठी मांडला. रात्रीच्या झटक्यांनंतर अंथरुणाचीच भीती बसते, तिच्यासाठीही तो लागू पडतो. पलंगावरून दिसणारे घड्याळ भिंतीकडे तोंड करून ठेवावे.

दीर्घकाळचा उपचार

भीतीने झोप पुढे ढकलणे, दिवा लावून झोपणे, खुर्चीत बसून डुलक्या घेणे हे रुग्णाला शहाणपणाचे वाटते. पण अपुऱ्या झोपेने मज्जासंस्था अधिक हळवी होते आणि पुढचा झटका जवळ येतो. विचार-वर्तन उपचारात (सीबीटी) हे चक्र उलटे फिरवतात. रुग्ण दिवसा, उपचारकासमोर, मुद्दाम जागेवर धावतो, खुर्चीत गरगर फिरतो, बारीक नळीतून (स्ट्रॉमधून) श्वास घेतो आणि धडधड, चक्कर, घुसमट या संवेदना स्वतःच तयार करतो. पहिल्यांदा घाम फुटतो. पाचव्या-सहाव्या वेळी कंटाळा येतो, आणि हा कंटाळाच उपचारकाला हवा असतो. औषधांत सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन यांसारखी एसएसआरआय गटातली (मेंदूतल्या सेरोटोनिनवर काम करणारी) औषधे प्रथम दिली जातात. त्यांचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात आणि सुरुवातीला चिंता थोडी वाढूही शकते, हे आधी सांगितले नाही तर रुग्ण चौथ्या दिवशी गोळी सोडतो. बेन्झोडायझेपीन या शामक औषधांच्या गटातल्या गोळ्या झटपट उतार देतात, पण त्यांची सवय लागते. पुष्कळ दिवस घेतलेली अशी गोळी एकदम बंद केल्यास तीच धडधड दुपटीने परत येते. ती हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच कमी करतात.

शेजारी झोपलेल्या माणसाची भूमिका लहान दिसते, पण तिने फरक पडतो. ‘काय झालं? काय होतंय? डॉक्टरांना बोलावू का?’ या प्रश्नांची सरबत्ती झटक्याला खतपाणी घालते. उठून बसावे, हात पुढे करावा, ‘मी आहे, श्वास सोड सावकाश’ एवढे म्हणून गप्प राहावे. पुढे कसे वागायचे ते दोघांनी दिवसा ठरवून ठेवावे, कारण रात्री साडेबाराला कुणाचेच डोके ठिकाणावर नसते.