कुत्रं गुरगुरलंच नाही

बेळगावच्या उपनगरांत नव्या बंगल्यांच्या फाटकावर हल्ली दोन भाषांत पाटी दिसते. वर कन्नडमध्ये ‘नायिगळिवे, एच्चरिके’ आणि खाली मराठीत ‘कुत्र्यापासून सावध रहा’. आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या घरावरही ती आहे. आत जिन्याखाली रॉटवायलर बांधलेलं असतं. साखळी जेमतेम चार फुटांची, आणि ती फिरते तेवढ्या अर्धगोलातली फरशी नखांनी खरवडून पांढरी पडलेली. गेल्या उन्हाळ्यात आठ वर्षांचं एक पोरगं चेंडू आणायला त्या फाटकातून आत गेलं आणि कुत्र्याने त्याचा हात कोपराखाली धरला. दात खोल गेले, रक्त आलं.

पुढचा तासभर गल्लीत नुसती चर्चा चालली होती. एकजण म्हणाले, “ही जातच तसली ओ, सरकारनं बंदी घातली होती की यांच्यावर.” मालक हात जोडून सांगत होते, “घरचंच कुत्रं आहे की, आजवर कुणाला काय केलं नाही.” पलीकडच्या घरातल्या अक्का म्हणाल्या, “आधी रस्त्यावरची कुत्री उचला, मग या घरातल्यांचं बघा.” पोराला मी अंगणातल्या नळाखाली उभं केलं होतं. रडणं थोडं ओसरल्यावर ते म्हणालं, “मामा, ते गुरगुरलंच नाही ओ. नुसतं बघत थांबलं होतं.”

त्या तासाभरात सगळ्यात कामाची गोष्ट पोरानेच सांगितली. चावणं हे कुत्र्याचं पहिलं पाऊल नसतं. भांडणात स्वतःलाही जखम होते, म्हणून कुत्र्यासारखा कळपात राहणारा प्राणी ते टाळण्यासाठी बरंच काही करतो. आधी तोंड फिरवतो, नाक चाटतो, झोप नसताना जांभई देतो. मग डोक्याची दिशा न बदलता नुसते डोळे तिरके करतो आणि डोळ्यांचा पांढरा भाग चंद्रकोरीसारखा दिसू लागतो. त्यानंतर अंग ताठ होतं, तोंड मिटतं, हालचाल थांबते. गुरगुर येते ती बहुतेक वेळा यानंतर, मग ओठ वर जातात, हवेत चावा घेतला जातो, आणि एवढं करूनही समोरचा मागे सरला नाही तर दात लागतात. शेपटीवर तर अजिबात विसंबू नये. उंच धरून ताठपणे, आखूड झटक्यांनी हलणारी शेपटी उत्तेजना दाखवते, प्रेम नव्हे.

मग या कुत्र्याची गुरगुर गेली कुठे? संध्याकाळी मालकांशी बोलताना ते कळलं. ते अगदी सरळपणे म्हणाले, “पिल्लू होतं तेव्हा पाहुण्यांवर गुरगुरायचं. दोन-चार रट्टे दिले, सुधारलं.” शिक्षेने प्राण्याचं वर्तन दाबता येतं, हे खरं आहे. पण गुरगुरीमागची भीती त्या रट्ट्यांनी जात नाही, उलट पाहुणा आला की मार बसतो अशी नवी जोड मेंदूत बसते आणि भीती वाढते. बाहेरून कुत्रं शांत दिसतं, आतून मात्र ते चाव्याच्या कितीतरी जवळ आलेलं असतं, कारण मधली एक पायरी आपणच काढून टाकलेली असते. “आमचं कुत्रं कधी गुरगुरत नाही” हे कौतुकाने सांगणाऱ्याला मी आता नेहमी विचारतो, कधीच गुरगुरत नव्हतं की गुरगुरायचं बंद झालं?

आता जातीचं. केंद्र सरकारच्या पशुसंवर्धन खात्याने 12 मार्च 2024 रोजी राज्यांना पत्र पाठवून पिटबुल, रॉटवायलर, तोसा, डोगो अर्जेंटिनो अशा वीसहून जास्त जातींची आयात, पैदास आणि विक्री थांबवायला सांगितलं. कर्नाटक उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि एप्रिलमध्ये ते परिपत्रक रद्दच केलं. दिल्ली उच्च न्यायालयातही तेच झालं. गल्लीत ज्या ‘बंदी’बद्दल बोललं जातं ती आज अस्तित्वात नाही. आणि असती तरी तिने आमच्या गल्लीतल्या पोराचा हात वाचला असता का, याबद्दल मला शंका आहे.

शंकेला कारण आहे. 2022 साली ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांना प्रश्नावली दिली होती आणि दोन हजारांहून अधिक कुत्र्यांचा जनुकसंच वाचला होता. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, याचं उत्तर जातीवरून किती मिळतं, हे त्यांनी मोजलं. सरासरी फक्त 9 टक्के! रंग, उंची, कानांची ठेवण या गोष्टी जातीवरून नेमक्या सांगता येतात, वागणं नाही. त्यातही कुत्रं किती लवकर चिडतं या गुणाचा जातीशी संबंध फारच क्षीण निघाला. ब्रिटनने 1991 मध्ये चार जातींवर बंदी घातली, तरी त्यानंतरच्या दशकांत तिथे चाव्यांमुळे रुग्णालयात दाखल होणाऱ्यांची संख्या वाढतच गेली. नेदरलँड्सने 1993 मध्ये पिटबुलवर घातलेली बंदी 2008 मध्ये उठवली, कारण चावे कमी झाले नव्हते.

याचा अर्थ जात म्हणजे काहीच नाही, असा कुणी लावू नये. पंचेचाळीस किलोच्या कुत्र्याचा चावा आणि आठ किलोच्या कुत्र्याचा चावा यांत हाड मोडण्या-न मोडण्याचा फरक असतो. पिटबुलचा जबडा म्हणे कुलपासारखा अडकतो; तसली कोणतीही रचना त्याच्या हाडांत नाही, पण पकडून न सोडण्याची त्याची चिकाटी खरी आहे. आपल्या शेजारचंच उदाहरण घ्या. बागलकोट जिल्ह्यातलं मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान. तिथलं मुधोळ हाउंड, म्हणजे आपलं कारवानी, पिढ्यान् पिढ्या शिकारीसाठी जोपासलं गेलं. ते नाकापेक्षा डोळ्यांवर चालतं. दूरवर काही पळताना दिसलं की त्याचे पाय आपोआप सुटतात, मग तो ससा असो वा सायकल. ही धाव जातीतून आली आहे आणि ती मोकळी करायला रोज मैदान लागतं. ते न देता कारवानी गल्लीत बांधून ठेवणं हा माणसाचा दोष आहे. कुत्र्याने काय करायचं, कसं धावायचं याचा कल जात देते. कुणाला घाबरायचं आणि कुणावर विश्वास ठेवायचा, हे मात्र पिल्लू जन्मल्यावर शिकतं, आणि ते शिकण्याचा काळ फार थोडा असतो.

किती थोडा, हे 1961 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात दिसलं. उंच कुंपणाच्या मैदानात पिल्लं आईजवळ वाढवली, त्यांना माणसाचा स्पर्श होऊ दिला नाही. मग वेगवेगळ्या वयात काही पिल्लांना एकेक आठवडा माणसांत आणलं. पाच ते नऊ आठवड्यांत आणलेली चांगली माणसाळली. ज्यांचा माणसाशी संबंध चौदाव्या आठवड्यापर्यंत आलाच नाही, ती रानटीच राहिली, पुढे कितीही लाड केले तरी. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लाचा मेंदू ‘हे जग नेहमीचं आहे’ अशी यादी बनवत असतो. लहान मुलं, काठी टेकत येणारे आजोबा, हेल्मेट घातलेला माणूस, ट्रॅक्टरचा आवाज, गणपतीतला ढोल, जे त्या यादीत येतं त्याची पुढे भीती वाटत नाही.

आणि आपल्याकडे याच काळात काय होतं? तीस-पस्तीस दिवसांचं पिल्लू खोक्यात घालून विकलं जातं. भावंडांशी खेळताना जोरात चावलं की समोरचं कळवळतं आणि खेळ थांबतो; आपले दात किती जोरात लावायचे हे पिल्लू तिथेच शिकतं. ती शाळा अर्ध्यात सुटते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकू नये असा देशात नियम आहे, पण विकत घेणाराच “जितकं लहान तितकं लळा लावणारं” म्हणत घाई करतो. पुढचे दोन महिने लसीकरण पूर्ण व्हायचंय म्हणून ते घरात कोंडलेलं, आणि त्यानंतर साखळी. आमच्या गल्लीतलं रॉटवायलर बत्तिसाव्या दिवशी आणलं होतं.

याच्या अगदी उलट चित्र कडोलीच्या बाजूला शिवारात पाहिलं. सुगी उरकल्यावर धनगर मेंढरं बसवायला येतात, लेंडीचं खत मिळतं म्हणून शेतकरी त्यांना बोलावतो. तिथे जाळीच्या वाघरीत कोकरांच्या कुशीत कुत्र्याची दोन पिल्लं झोपली होती, डोळे उघडून आठवडाही झाला नसेल. धनगराची पोरं त्यांना मानगुटीला धरून इकडून तिकडे नेत होती. त्यांची आई मला पाहून उठली, वीस-पंचवीस पावलांवर थांबली आणि छातीतून भुंकू लागली. मी थांबलो. धनगराने नुसतं “ए, बस” म्हटलं, ती बसली, पण नजर काढली नाही. रानात लांडग्यासमोर उभी राहणारी ती कुत्री कुठल्याही बंगल्यातल्या कुत्र्यापेक्षा अंगावर येण्याला समर्थ होती. तिने मला आधी सांगितलं, मला ते कळलं, आणि दोघांचंही काम झालं. तिच्या गळ्यात साखळी नव्हती.

साखळीबद्दल अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात झालेला एक अभ्यास 1994 साली छापून आला. चावलेली 178 कुत्री आणि त्याच भागातली कधी न चावलेली तितकीच कुत्री यांची तुलना केली होती. अंगणात बांधून ठेवणं चावऱ्या कुत्र्यांच्या बाबतीत जवळपास पावणेतीनपट अधिक आढळलं. नर असणं आणि नसबंदी न झालेली असणं हेही ठळकपणे पुढे आलं. चावरं आहे म्हणून बांधलं की बांधल्यामुळे चावरं झालं, हे अशा तुलनेतून पूर्ण सुटत नाही. पण बांधलेल्या कुत्र्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. घाबरलेल्या प्राण्यापुढे पळणं किंवा प्रतिकार करणं हे दोन मार्ग असतात, चार फुटांची साखळी त्यातला पहिला काढून घेते.

कायद्यात हे सगळं आधीपासून आहे. नेहमी बांधून ठेवलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं ही 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार क्रूरता आहे. आणि आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून माणसाला इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला भारतीय न्याय संहितेच्या 291 व्या कलमाखाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. त्यात जातीचा उल्लेख नाही, आणि नाही तेच बरं. भटक्या कुत्र्यांवर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांवर घरोघरी वाद झाले. तो प्रश्न मोठा आहे, पण नको असलेली पाळीव पिल्लं रात्री खानापूर रोडला सोडून येणारे हात आपल्यातलेच असतात, हे त्या वादात कुणी बोलत नाही.

आता नळाकडे परत येतो. मी पोराचा हात धुवत होतो तेव्हा कुणीतरी घरातून चुना घेऊन आलं, दुसऱ्याने तिखट सुचवलं. टिळकवाडीचा व्हॅक्सिन डेपो ज्या गावात आहे, जिथे एकेकाळी देवीची लस तयार व्हायची, तिथे हे ऐकून जीव तुटतो. रेबीजचा विषाणू चरबीच्या पातळ वेष्टनात गुंडाळलेला असतो, आणि साबण ते वेष्टन फोडतो. म्हणून वाहत्या पाण्याखाली साबणाने पूर्ण पंधरा मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. चुना आणि तिखट जखम भाजतात, मग धुणंही नीट होत नाही. विषाणू स्नायूतून चेतातंतूत शिरतो आणि तंतूच्या आतून मेंदूकडे सरकत जातो. लक्षणं दिसायला बहुधा दोन-तीन महिने लागतात, चेहऱ्याला-मानेला चावा असेल तर त्याहून लवकर. हा प्रवास सुरू असतानाच लस काम करते. पाण्याची भीती सुरू झाली की जवळपास कुणीच वाचत नाही. रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेतच इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे रेबीजविरुद्धची तयार प्रतिपिंडं, हेही द्यावं लागतं, कारण लसीने शरीराची स्वतःची प्रतिपिंडं तयार व्हायला आठवडाभर तरी जातो. पोटात चौदा सुया घेण्याचे दिवस केव्हाच गेले. त्या भीतीने दवाखाना टाळणारी माणसं मात्र अजून खेड्यांत भेटतात. आता सुया दंडात, कातडीत दिल्या तर पहिली लगेच, आणि तो दिवस शून्य धरून मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. कुत्रं घरचं असलं आणि त्याला लस दिलेली असली तरी पहिली सुई लांबवायची नाही. कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवायची ती नंतर.

चोर्ला घाट उतरलं की गोवा. तिथे वर्षाला सुमारे 95 हजार कुत्र्यांना, घरच्या आणि रस्त्यावरच्याही, जाळ्यांनी पकडून जागेवर लस देऊन सोडलं गेलं. शंभरातल्या सत्तर कुत्र्यांना लस मिळाली की विषाणूची साखळी तुटू लागते, हे गणित त्यांनी नेटाने पाळलं. कुत्र्यांमधला रेबीज 92 टक्क्यांनी घटला आणि माणसांचे मृत्यू थांबले. कणकुंबीपासून दोन तासांवर हे झालंय. खानापूर, बेळगाव आणि पलीकडचं चंदगड यांनी एकाच महिन्यात मोहीम घेतली तर इथेही होईल, असं मला मनापासून वाटतं.

पोराच्या सुया पूर्ण झाल्या, हातावर दोन वण राहिले. परवा फाटकाजवळून जाताना जिन्याखालून गुरगुर ऐकू आली, अगदी हळू. मालक पायरीवर बसले होते. त्यांनी काठीला हात लावला नाही, रस्त्यावर खेळणाऱ्या मुलांना हाक मारून पलीकडे जायला सांगितलं. साखळी अजून चार फुटांचीच आहे. तीस फुटांची तार आणि कडी आणून ठेवली आहे, रविवारी अंगणात बांधणार म्हणाले.