कारागृहात असताना शिक्षण: कोणाला घेता येतं, कागदपत्रं कोणती, अर्ज कसा करायचा

घरातला माणूस आत गेला की सगळं लक्ष वकील, जामीन आणि मुलाखतीची, म्हणजे कारागृहातल्या भेटीची, वेळ यांतच अडकतं. ते साहजिकच आहे. पण महाराष्ट्रातल्या कारागृहांत साक्षरतेच्या वर्गापासून पदव्युत्तर पदवीपर्यंत शिकता येतं. आतला माणूस ऑनलाइन काही शोधू शकत नाही, म्हणून ही माहिती बाहेरच्या नातेवाइकांसाठी लिहितो आहे. अर्ज आतूनच जातो, तरी त्याला लागणारे निम्मे कागद घरच्यांनाच जमवावे लागतात आणि प्रवेश बहुतेक वेळा अडतो तो तिथेच.

आधी एक गैरसमज दूर करतो. 'शिक्षा लागल्यावरच शिकता येतं' असं अनेक घरांत धरून चालतात. तसं नाही. कच्च्या कैद्यालाही, म्हणजे न्यायाधीन बंद्यालाही, शिकता येतं. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या (एनसीआरबी) २०२२ च्या अहवालानुसार देशातल्या कारागृहांत दर चार बंद्यांपैकी साधारण तीन न्यायाधीन आहेत आणि त्यांतल्या अनेकांचे खटले वर्षानुवर्षं चालतात. तेवढ्या काळात दहावी आरामात होते. निकालाची वाट पाहत बसू नका. आत राहून शिकायला सहसा न्यायालयाची परवानगी लागत नाही, अधीक्षकांची पुरते. परीक्षेसाठी कारागृहाबाहेर न्यायचं असेल तर मात्र न्यायालयाचा आदेश आणि पोलीस बंदोबस्त दोन्ही लागतात. म्हणून परीक्षा केंद्र कारागृहातच आहे का, हे प्रवेश घेण्याआधी विचारा.

कोणी कुठे अर्ज करायचा

लिहिता-वाचता येत नसेल तर सुरुवात 'उल्लास' म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रमापासून होते. वय १५ पूर्ण असावं, वरची मर्यादा नाही, शुल्क नाही आणि शाळेचा कोणताही दाखला लागत नाही. शिकवणारे स्वयंसेवक असतात. आत बहुधा शिकलेले बंदीच हे काम करतात. शेवटी १५० गुणांची चाचणी होते: वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५० गुणांचं. उत्तीर्ण झाल्यावर प्रमाणपत्र मिळतं. या वर्गाला कमी लेखू नका. स्वतःचं दोषारोपपत्र स्वतः वाचता येणं आणि घरी स्वतःच्या हातानं पत्र लिहिता येणं याचं मोल आतल्या माणसाला विचारावं. निरक्षर आणि तरुण बंद्यांचं शिक्षण सक्तीचं असावं, असं संयुक्त राष्ट्रांच्या २०१५ च्या नेल्सन मंडेला नियमांत (नियम १०४) स्पष्ट म्हटलं आहे. तुरुंगातलं शिक्षण देशाच्या नेहमीच्या शिक्षणाशी जोडलेलं असावं, म्हणजे सुटल्यावर ते विनाअडथळा पुढे चालू ठेवता येईल, असंही तोच नियम सांगतो.

शाळा अर्धवट सुटली असेल तर दोन वाटा आहेत. एक, राज्य मंडळाची दहावी-बारावी खाजगीरीत्या, म्हणजे सगळ्यांच्या ओळखीचा १७ नंबरचा फॉर्म. दुसरी, राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजे एनआयओएस. माझं मत विचाराल तर ज्याच्या खटल्याचा किंवा बदलीचा भरवसा नाही त्यानं एनआयओएस घ्यावं. तिथे दहावीला किमान वय १४ आणि बारावीला १५ लागतं, पाच विषय निवडायचे असतात, नोंदणी पाच वर्षं टिकते आणि तेवढ्या काळात परीक्षेच्या नऊ संधी मिळतात. दोन विषय यंदा आणि तीन पुढच्या खेपेला असंही चालतं. दहावीसाठी मराठी माध्यमही घेता येतं. १७ नंबरच्या फॉर्मला शाळा सोडल्याचा मूळ दाखला, किंवा तो हरवला असल्यास दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र लागतं. हे जमत असेल आणि परीक्षा केंद्राची सोय असेल तर तीही वाट चांगली आहे.

बारावी झालेल्यांसाठी नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, अशी दोन विद्यापीठं आहेत. इग्नूनं १९९४ मध्ये तिहारमध्ये अभ्यासकेंद्र सुरू केलं आणि पुढे देशभरच्या कारागृहांत केंद्रं काढली. बंद्यांना इग्नूत शुल्कमाफी आहे. प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांत होतात. राज्यात मुंबई, पुणे आणि नागपूर इथे तिची विभागीय केंद्रं आहेत. मात्र इग्नूची पुस्तकं मुख्यतः इंग्रजी-हिंदीत असतात. मराठीतून शिकलेल्या माणसाला बी.ए. करायचं असेल तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठाची मराठी पुस्तकं फार सोयीची पडतात. शुल्कमाफीसाठी हिंदी-इंग्रजीत पदवीला बसवून पहिल्याच वर्षी हिरमोड होण्यापेक्षा भाषेचा विचार आधी करावा.

हाताचं काम शिकायचं असेल तर जन शिक्षण संस्थानांचे छोटे अभ्यासक्रम पाहा. ते १५ ते ४५ वयोगटासाठी आणि मुद्दाम निरक्षर, नवसाक्षर आणि शाळा सुटलेल्यांसाठीच आहेत. कोणतं प्रशिक्षण कुठल्या कारागृहात चालू आहे ते तिथल्या शिक्षकांकडेच कळेल.

कागदपत्रं आणि नावाचा घोळ

यादी लांब नाही: शाळा सोडल्याचा दाखला किंवा शाळेतला प्रवेश निर्गम उतारा, शेवटच्या परीक्षेची गुणपत्रिका, आधार, सवलत हवी असल्यास जातीचा दाखला, फोटो आणि सही. फोटो आणि सही आतच होतात. सगळ्यांत जास्त त्रास देतं ते नाव. कारागृहाच्या नोंदीत एफआयआरमधलं नाव येतं. तिथे कधी वडिलांचं नाव चुकलेलं असतं, कधी 'ऊर्फ' लावून टोपणनाव जोडलेलं असतं. दाखल्यावर वेगळं, आधारवर तिसरंच. प्रवेश नेहमी शाळेच्या दाखल्यावरच्या नावानंच घ्या, कारण पुढची प्रत्येक गुणपत्रिका त्याच नावानं निघणार आहे. दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे असं अधीक्षकांचं पत्र अर्जासोबत जोडून घ्या. विवाहित महिलांच्या बाबतीत लग्नाचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची प्रत लागते. ती सासरच्या कपाटात असते आणि सासर अनेकदा संबंध तोडून बसलेलं असतं. अशा वेळी माहेरच्यांनी विवाह नोंदणी कार्यालयातून प्रमाणित प्रत काढावी. महिलांचे प्रवेश शिकण्याची इच्छा असूनही अशा एका कागदापायी अडतात, आणि हे मला फार खुपतं.

दाखला शाळेतून आणायला आतला माणूस जाऊ शकत नाही. त्यानं नातेवाइकाच्या नावानं अधिकारपत्र लिहायचं, त्यावर सही करायची आणि कारागृह अधिकाऱ्याचं साक्षांकन घ्यायचं. वकीलपत्रावर आत सही होते तशीच ही पद्धत आहे. हे पत्र दाखवलं की शाळेला दुय्यम दाखला देण्यात अडचण उरत नाही.

आता आधारबद्दल, कारण सध्या पदवीचे प्रवेश इथेच रखडतात. मुक्त आणि दूरस्थ शिक्षणातल्या पदवीसाठी एबीसी क्रमांक (विद्यार्थ्याच्या श्रेयांकांचं ऑनलाइन खातं) आणि त्यावरून निघणारा डीईबी आयडी (दूरस्थ शिक्षणासाठीचा विद्यार्थी ओळख क्रमांक) २०२४ पासून बंधनकारक झाला आहे. दोन्ही काढताना आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. अटक झालेल्या माणसाचा मोबाइल तपासात जप्त असतो, सिम रिचार्जविना बंद पडलेलं असतं, कधी तो नंबर दुसऱ्यालाच गेलेला असतो. नवा नंबर जोडायला त्या माणसाची स्वतःची बायोमेट्रिक ओळख पटवावी लागते, म्हणजे घरच्यांना ते परस्पर करता येत नाही. उपाय दोनच. सिम घरात असेल तर ते चालू ठेवा, छोटा रिचार्ज मारत राहा आणि ओटीपीच्या दिवशी ते हातात ठेवा. नसेल तर कारागृहात आधार शिबिर कधी आहे ते विचारून बंद्याला त्यात नाव द्यायला सांगा आणि नवा नंबर घरातल्या विश्वासू माणसाचा द्या. आधारच नसेल तरीही मार्ग आहे: ई-प्रिझन्स या कारागृहांच्या संगणकीय नोंद प्रणालीतून निघणारा बंद्याचा प्रवेश दस्तऐवज, अधिकाऱ्याच्या सही-शिक्क्यासह, आधार नोंदणीसाठी २०२३ पासून ग्राह्य धरला जातो. ही गोष्ट शिबिरात स्वतःहून सांगा.

अर्ज कसा जातो

बंदी अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज लिहितो: बंदी क्रमांक, बराक, शिक्षण किती झालं, काय शिकायचं आहे आणि कोणत्या भाषेत. लिहिता येत नसेल तर कारागृहातले गुरुजी लिहून देतात. तेच पुढे फॉर्म भरतात आणि अभ्यासकेंद्राशी पत्रव्यवहार करतात. घरच्यांनी मुलाखतीला जाताना कागदांच्या झेरॉक्स प्रती आणि वर एक पत्र न्यावं आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा. गाव लांब असेल तर स्पीड पोस्टनं पाठवून पावती जपून ठेवा. मूळ कागद फक्त मागितले तरच द्या, तेही पोच घेऊन. फॉर्मवर पत्रव्यवहाराचा पत्ता कारागृहाचा आणि कायमचा पत्ता घराचा लिहा. 'साहेबांना सांगून प्रवेश करून देतो' म्हणणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नका.

अर्ज नुसताच पडून राहिला तर? जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे वकील कारागृहाला भेट देतात, जिल्हा न्यायाधीशही येतात. त्या भेटीत बंद्यानं हा विषय काढावा. कोठडीतल्या व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार मोफत विधी सेवेचा हक्क आहे. घरच्यांना १५१०० या क्रमांकावर मदत मागता येते.

प्रवेशानंतर

प्रवेश झाला म्हणजे काम संपलं असं नाही. गृहपाठ वेळेत न गेल्यानं अनेकांचं वर्ष वाया जातं. मुलाखतीत खुशाली विचारता तशीच गृहपाठाचीही विचारणा करा. परीक्षेचं वेळापत्रक वकिलांना द्या, म्हणजे त्या दिवशीची तारीख व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सनं) घ्यायची किंवा पुढे मागायची विनंती करता येईल. मुंबई-ठाणे भागात बंदी एका कारागृहातून दुसऱ्यात वर्ग होत राहतात. बदली झाली की नव्या कारागृहातल्या गुरुजींना नोंदणी क्रमांक कळवा आणि परीक्षा केंद्र बदलण्याचा अर्ज लगेच करायला सांगा.

शिक्षा लागलेल्यांना आणखी एक लाभ मिळतो. दहावी, बारावी, पदवी किंवा त्यापुढची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर शिक्षेत ९० दिवसांपर्यंत विशेष माफी मिळू शकते. गुणपत्रिकेची प्रत जोडून तसा अर्ज करावा लागतो. ही माफी कच्च्या कैद्याला लागू नाही, कारण त्याला शिक्षाच झालेली नसते. अंमली पदार्थविरोधी कायद्याखालच्या शिक्षेत कलम ३२-अ आडवं येतं, कारण ते शिक्षेत माफी देऊ देत नाही. वकिलांकडून आपल्या कलमांची खात्री करून घेऊनच हिशेब मांडा, नाहीतर आतला माणूस तारखा मोजत बसतो आणि शेवटी खचतो.

जामीन अचानक होतो आणि सुटकेच्या गडबडीत कागद आत राहतात. म्हणून नोंदणी क्रमांक, पोर्टलचा पासवर्ड, हॉल तिकिटं आणि गुणपत्रिकांच्या प्रती आधीपासून घरी एका फाइलमध्ये ठेवा. बाहेर आल्यावर जवळचं अभ्यासकेंद्र मिळण्यासाठी विभागीय केंद्राकडे अर्ज करायचा असतो. शुल्कमाफी बंद्यांसाठी असल्यानं पुढच्या वर्षाच्या शुल्काची तजवीजही तेव्हापासूनच धरून ठेवा.