हेलफायर पास : खडक, घण आणि घाई

१५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडलं आणि ऑस्ट्रेलियाच्या आठव्या डिव्हिजनचे सुमारे १५ हजार सैनिक जपान्यांच्या हाती लागले. जावा, तिमोर, अंबोन इथले धरून एकूण आकडा २२ हजारांवर गेला. युद्ध संपेपर्यंत त्यातले सुमारे ८ हजार, म्हणजे तिघांतला एकेक जण, दगावले. नाव सिंगापूरमधल्या छांगीच्या युद्धकैदी छावणीचं गाजलं, पण खरा मृत्यू भेटला तो तिथून पुढे पाठवलेल्यांना.

जून १९४२ मध्ये प्रशांत महासागरातल्या मिडवे बेटाजवळ जपानी आरमाराने मार खाल्ला. ब्रह्मदेशातल्या फौजेला मलायाला वळसा घालून समुद्रातून रसद पोचवणं धोक्याचं झालं. म्हणून सयाम (आजचा थायलंड) ते ब्रह्मदेश असा ४१५ किलोमीटरचा लोहमार्ग जंगलातून काढायचं ठरलं. माणसं हाताशी होतीच. युद्धकैद्यांना कसं वागवावं हे सांगणाऱ्या १९२९च्या जिनिव्हा करारावर जपानने सही केली होती, पण त्याला अंतिम मंजुरी दिली नव्हती. सुमारे १३ हजार ऑस्ट्रेलियन कैदी या कामावर जुंपले गेले.

१९४३ मध्ये मुदत आणखी आवळली गेली. पहारेकऱ्यांचा ‘स्पीडो! स्पीडो!’ (लवकर! लवकर!) हा ओरडा वाचलेल्यांच्या कानात जन्मभर राहिला. सयाममधल्या कोन्यूजवळचा डोंगर फोडताना एकाने पोलादी पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा, दर घावाला पहार थोडी फिरवायची; भोक पुरेसं खोल गेलं की सुरुंगाची दारू. रात्री बांबूच्या मशालींच्या उजेडात हाडं दिसणारी ती माणसं खाली राबताना पाहून त्या खिंडीला ‘हेलफायर पास’ हे नाव पडलं. वर पाऊस, पोटात मूठभर भात, त्यात कॉलरा. बांबूचा साधा ओरखडा चिघळून हाडापर्यंत जाई. डॉक्टर ते सडलेलं मांस चमच्याने खरवडून काढत, भुलीशिवाय. एडवर्ड ‘वेअरी’ डनलॉप यांच्यासारख्या सर्जननी कैदी अधिकाऱ्यांच्या तुटपुंज्या पगारातून वर्गणी काढून आजाऱ्यांसाठी अंडी आणि औषधं मिळवली. मला या साऱ्या इतिहासात त्या अंड्यांइतकं मोठं काही वाटत नाही.

ऑक्टोबर १९४३ मध्ये रूळ जुळले. तोवर आणि त्यानंतर मिळून सुमारे २,८०० ऑस्ट्रेलियन या मार्गापायी गेले. त्यांची नोंद सोबत्यांनी जिवापाड जपली, म्हणून आज कांचनाबुरी आणि थानब्यूझायातच्या दफनभूमीत नावानिशी दगड आहेत. त्याच रुळांवर मलायातल्या रबराच्या मळ्यांतून आणलेले तमिळ मजूर बायकामुलांसह हजारोंनी मेले. त्यांच्यापाशी ना डॉक्टर होते, ना यादी ठेवणारं कुणी.