केबिन फिल्टर झटकून नवा का होत नाही

गाडीच्या एसीचा फिल्टर, म्हणजेच केबिन फिल्टर, काढावा, दोन-चार वेळा जमिनीवर आपटावा, वरून हवेचा जोरदार झोत मारावा आणि परत बसवावा, म्हणजे तो नव्यासारखा होतो, असा सल्ला सर्रास दिला जातो. आपटल्यावर खाली पडलेली धूळ डोळ्यांना दिसते, त्यामुळे काम झाल्याचे समाधानही मिळते. मी हा प्रयोग करून पाहिला. वर्षभर वापरलेला फिल्टर पांढऱ्या कागदावर आपटला, तेव्हा वाळूचे बारीक कण, वाळक्या पानांचा चुरा आणि एका किड्याचा अखंड पंख एवढा ऐवज कागदावर पडला. घड्यांचा काळपट करडा रंग मात्र जसाच्या तसा राहिला. जे पडले ते फुप्फुसात खोलवर शिरण्याएवढे लहान नव्हते आणि जे तेवढे लहान होते ते पडलेच नाही.

या सल्ल्याच्या मुळाशी फिल्टर म्हणजे पिठाची चाळण, ही समजूत आहे. चाळणीत छिद्रापेक्षा मोठा कण अडकतो आणि लहान कण निसटतो, म्हणून छिद्रे मोकळी केली की चाळण पुन्हा कामाला येते. केबिन फिल्टरचे कापड असे चालत नाही. त्यातील तंतू काही मायक्रॉन जाडीचे असतात आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागा बहुधा दहा-वीस मायक्रॉनच्या किंवा त्याहून मोठ्या असतात. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. ज्यांची आपण सर्वाधिक काळजी करतो ते ‘पीएम २.५’ कण तर अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान असतात. चाळणीच्या हिशेबाने ते सगळेच आरपार जायला हवेत, तरीही चांगल्या फिल्टरमध्ये त्यांतले बरेचसे अडकतात.

हवा तंतूपाशी पोहोचली की त्याला वळसा घालून पुढे जाते. परागकणासारख्या जड कणाला हे वळण घेता येत नाही. वेगाने निघालेली गाडी वळणावर सरळ रस्त्याबाहेर जावी तसा तो जडत्वामुळे तंतूवर आदळतो. मध्यम आकाराचा कण हवेबरोबर वळतो खरा, पण तंतूच्या फार जवळून गेला तर त्याची कड घासते आणि तो तिथेच चिकटतो. या दोन्ही गोष्टी ऐकताक्षणी पटतात. याच तर्काने कण जितका लहान तितका तो सहज निसटावा, असे वाटते आणि इथेच निसर्ग आपल्याला चकवतो.

१८२७ साली रॉबर्ट ब्राऊन या वनस्पतिशास्त्रज्ञाला परागकणांमधले अतिसूक्ष्म कण पाण्यात अखंड थरथरताना सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. ही सजीवाची हालचाल असावी, असे वाटणे साहजिक होते. ब्राऊन यांनी मग निर्जीव खनिजांची पूड घेऊन पाहिले, तर तीही तशीच थरथरत होती, म्हणजे हा प्राणशक्तीचा खेळ नव्हता. १९०५ मध्ये आइनस्टाइन यांनी या थरथरीचे गणित मांडले आणि पुढे फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ ज्याँ पेरँ यांच्या प्रयोगांनी ते खरे ठरवले. हवेचे रेणू सेकंदाला सुमारे ४५० ते ५०० मीटर वेगाने धावत असतात आणि प्रत्येक कणाला चहूबाजूंनी धडका देत असतात. कण मोठा असेल तर या धडका एकमेकींना जवळजवळ खोडून काढतात. कण अगदी लहान असेल तर एखाद्या क्षणी डावीकडून जास्त, पुढच्या क्षणी वरून जास्त, असे होत राहते आणि तो वेडावाकडा भटकतो. एका सेकंदात १ मायक्रॉनचा कण मूळ वाटेपासून साधारण सात-आठ मायक्रॉन ढळतो, तर त्याच्या एक दशांश आकाराचा कण तीस-चाळीस मायक्रॉन ढळतो. तंतूंच्या दाट रानातून जाताना इतके भटकणाऱ्या कणाची कुठल्या ना कुठल्या तंतूशी गाठ पडण्याची शक्यता वाढते. हवा संथ असेल तर भटकायला वेळही जास्त मिळतो. फिल्टरला चुण्या घातलेल्या असतात त्या यासाठीही. २० सेंमी लांबी-रुंदीच्या चौकटीत ३ सेंमी खोल अशा ३३ चुण्या बसवल्या, तर कापडाचे क्षेत्रफळ चौकटीच्या जवळजवळ दहापट होते आणि कापडातून जाणाऱ्या हवेचा वेग दहाव्या हिश्शावर येतो.

याचा अर्थ असा की मोठे कण जडत्वाने सापडतात, अतिलहान कण स्वतःच्या भटकंतीने सापडतात आणि सर्वांत अवघड असतात ते मधले, साधारण ०.१ ते ०.३ मायक्रॉनचे. म्हणूनच ‘९९ टक्के कण अडवतो’ असे खोक्यावर ठळक छापलेले असले, पण कोणत्या आकाराचे कण हे छापलेले नसले, तर त्या आकड्याला काहीही अर्थ उरत नाही. फक्त परागकण मोजले तर अगदी साधा फिल्टरही परीक्षेत पहिला येईल.

या मधल्या कणांसाठी अनेक केबिन फिल्टरमध्ये स्थिर विद्युत वापरतात. केसांवर घासलेला कंगवा कागदाचे कपटे उचलतो, हा शाळेतला प्रयोग इथे आठवावा. कपट्यांवर स्वतःचा प्रभार नसला तरी कंगव्याच्या प्रभारामुळे त्यांच्यातले धन आणि ऋण प्रभार किंचित सरकतात आणि ते ओढले जातात. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या तंतूंमध्ये असाच प्रभार दीर्घकाळ टिकेल अशा रीतीने कोंडता येतो. अशा पदार्थाला इलेक्ट्रेट म्हणतात. १९१९ मध्ये जपानच्या मोतोतारो एगुची यांनी मेण आणि राळ वितळवून, तीव्र विद्युतक्षेत्रात गोठवून तो प्रथम बनवला. अशा तंतूंमुळे कापड विरळ ठेवूनही कण पकडता येतात. पण काजळीचे आणि तेलकट धुराचे थर साचले की हा प्रभार झाकला जातो, आणि साबण किंवा अल्कोहोल लावले तर तो बराचसा नाहीसा होतो. म्हणून असा फिल्टर धुऊ नये. गाडीच्या पुस्तिकेत ‘धुण्याजोगी जाळी’ असे स्पष्ट लिहिले असेल, तर गोष्ट वेगळी.

आता आपटण्याकडे येऊ. कणाचा व्यास दहापट कमी केला तर त्याचे वजन हजारपट कमी होते, पण तंतूला चिकटून राहण्याचे बल जेमतेम दहापटच कमी होते. म्हणजे कण जितका लहान, तितकी त्याच्या वजनाच्या मानाने पकड घट्ट. आपटण्याचा झटका वस्तुमानावर काम करतो, त्यामुळे वाळू सुटते आणि काजळी राहते. हवेच्या झोतानेही मुख्यतः मोठा कचराच उडतो. उलट तंतू विस्कटून कापड विरळ होण्याची भीती असते. याच काजळीने कापड तुंबले की एसीची हवा मंद येते, आणि बरेच जण गॅस संपला असे समजून भलतीकडेच दुरुस्ती करून घेतात.

फिल्टर बदलणे मात्र घरी सहज जमण्यासारखे आहे. बहुतेक पुस्तिकांत १५ ते २० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष अशी मुदत दिलेली असते. धुळीच्या रस्त्यांवर ती कमी धरावी. अनेक गाड्यांत फिल्टर ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो. गाडी बंद करून कप्पा रिकामा करावा, त्याच्या दोन्ही बाजू आत दाबून तो खाली उतरवावा. एका बाजूला आधाराची दोरी किंवा दांडी असेल तर ती आधी सोडवावी. आत आयताकृती झाकण दिसते. त्याच्या खटक्या दाबून जुना फिल्टर आडवाच, सावकाश बाहेर ओढावा, नाहीतर त्यावरचा कचरा थेट ब्लोअरमध्ये, म्हणजे हवा ढकलणाऱ्या पंख्यात, पडतो. ओढण्यापूर्वी कडेवरचा बाण कोणत्या दिशेला आहे, हे पाहून ठेवावे. हा बाण हवेच्या प्रवाहाची दिशा दाखवतो. थरांच्या फिल्टरमध्ये जाड कचरा आधीच्या भरड थरात अडकावा आणि बारीक थर लवकर तुंबू नये, अशी रचना असते. फिल्टर उलटा बसला तर ती वाया जाते.

नवा फिल्टर बसवताना सर्वाधिक लक्ष कडांवर द्यावे. हवा नेहमी कमी अडथळ्याची वाट धरते. चौकट वाकून बाजूला फट राहिली आणि दहा टक्के हवा तिथून गेली, तर उरलेली नव्वद टक्के हवा कितीही निर्मळ झाली तरी एकूण गाळण नव्वद टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही, मग फिल्टर कितीही महागाचा असो. चौकट चारही कोपऱ्यांत बोटाने दाबून पाहावी, झाकणाच्या सगळ्या खटक्या बसल्याचा आवाज ऐकावा आणि मगच ग्लोव्ह बॉक्स वर चढवावा. त्यानंतर ब्लोअर पूर्ण वेगाने चालू करावा. शिट्टीसारखा आवाज आला, तर झाकण पुन्हा उघडून कडा तपासाव्यात.